टाकीच्या कुलपाची किल्ली

उस्ताद,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की शेलूबाजारला तुमचं टिनाचं शेड नेमकं कुठं होतं हे सांगणारंही आता कोणी उरलं नाही. त्या जागी चहाचं हॉटेल झालंय. परवा तिथं उभ्या उभ्या चहा प्यालो आणि तुम्ही आठवलात. प्रेमानं आठवलात असं लिहिलं असतं तर बरं दिसलं असतं, पण खोटं लिहायला हात वळत नाही. ही सवय तुमचीच. आटे गेलेला बोल्ट हाती आला की तुम्ही 'चालतंय' म्हणू द्यायचा नाहीत, काढून फेकायला लावायचात. तेव्हा सरळ लिहितो. तुमच्यावरचा राग अजून गेलेला नाही.

ती लढाईची वर्षं होती. पेट्रोल कुपनावर मिळायचं, तेही मोजून. तुमची एकच मोटर, शेलूबाजार ते जऊळका स्टेशन. टपावर बागवाल्यांच्या वांग्या-कोथिंबिरीच्या टोपल्या, आत माणसं, आणि सगळ्यांना गाडी गाठायची घाई. त्यात इंजनाला तडा गेला. नवं इंजन कुठून आणणार? अकोल्याच्या भंगारातून मोडक्या लॉरीचं इंजन बैलगाडीत घालून आणलंत आणि कंबर धरून बाजेवर बसलात. "मह्याच्यानं वाकनं होत नाही. तूच बसव." मी बसवलं. इंजन टेकवायचे लोखंडी पाय नव्यानं घडवले, पंपाची नळी टाकीपर्यंत नेली. टाकी मागच्या बाकाखाली, पंप पुढं इंजनाला. तो तिथून पेट्रोल ओढणार आणि इंजनाला पाजणार. पहिल्याच हँडलला इंजन बोललं. त्या रात्री स्वयंपाकघरात, मी भाकर कुस्करत असताना, काकूंना म्हणालात, "त्याच्या ताटात तूप वाढ. आपल्याले लेकरू नाही, ही मोटर आता यानंच पाहाची हाय." माझा बाप माझ्या लहानपणीच गेला होता. ते वाक्य मी किती दिवस उशाला घेऊन झोपलो, तुम्हाला काय माहीत.

मोठं इंजन मोठ्या तोंडानं पेट्रोल पिणार हे तुमच्यासारख्याला सांगावं लागू नये. तरी मी सांगितलं. "उस्ताद, लॉरीचं हाय, जास्त पीनच." तुम्ही नुसतं 'हूं' केलंत. दुसऱ्या दिवशी पाहतो तर टाकीच्या झाकणाला कडी जोडलेली, कडीला कुलूप आणि किल्ली तुमच्या करगोट्याला. झाकणाच्या आतून जुन्या ट्यूबची गोल रबरी चकती घट्ट बसवली होती. "धुर्रा जाते आत," म्हणालात. धुळीला कुलूप कशाला लागतं, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. काकू चुलीपाशी होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

आणि मोटर बंद पडायला लागली. शेलूबाजारहून निघताना घोड्यासारखी निघायची, काही मैल गेलं की खोकायची, आचके द्यायची आणि थांबायची. पंपाच्या काचेच्या वाटीत पाहावं तर पेट्रोल तळाला गेलेलं. मी पंपाचा पडदा बदलला, स्प्रिंग बदलली, नळी फुंकून पाहिली, कार्बोरेटर तर इतक्या वेळा खोलला की झोपेतही जोडता आला असता. शेडमध्ये सगळं ठीक, रस्त्यावर सगळं बिघडलेलं. मग तुम्ही स्वतः माझ्या शेजारी बसून यायला लागलात. मोटर थांबली की तुमचं पहिलं काम ठरलेलं. मागं जायचं, कुलूप काढायचं, लिंबाची काडी टाकीत बुडवून पेट्रोल किती उरलंय ते पाहायचं, मी चोरलं तर नाही ना याची खात्री करायची, आणि पुन्हा कुलूप घालायचं. मग म्हणायचात, "मार हँडल." आणि मोटर सुरू! प्रवासी खूश. "उस्तादच्या हाताले गुण हाय." तुम्ही मिशीतल्या मिशीत हसायचात आणि माझ्याकडे बोट करायचात. "इंजन यानं बसोलं ना, म्हून हे भोग."

तो दिवस मला अजून जसाच्या तसा दिसतो. जऊळका पुढ्यात आहे, ऊन चढलंय, मोटर थांबलीये. एक म्हातारा बागवान टपाकडे पाहून करवादतोय. "माहे वांगे सुकून राह्यले, तिकडं गाडी यीन न् निंघून जाईन." मी त्यालाच हँडलला लावतो. पंपाची पुढची नळी सोडवतो आणि पंपाच्या तोंडावर अंगठा दाबून धरतो. दाब असा पाहायचा हे तुम्हीच शिकवलेलं. म्हातारा फिरवतो आहे आणि अंगठ्याखाली काहीच नाही, वासराच्या जिभेएवढाही जोर नाही. तेवढ्यात तुम्ही मागं कुलूप काढता. झाकण उचलताना टाकी 'सूंऽऽ' करून वारा आत ओढून घेते. मला ते इकडं ऐकू येतं. म्हाताऱ्याचे दोन-चार फेरे होतात न होतात तोच माझा अंगठा उडतो आणि पेट्रोलची चिळकांडी थेट तोंडावर येते.

झाकणाला मधोमध सुईएवढं भोक होतं, टाकीत वारा जायला. तुमच्या चकतीनं ते बुजलं होतं. पेट्रोल जाईल तशी आत पोकळी होत होती आणि ती पंपाला काही ओढू देत नव्हती. पंप चांगला होता, नळी चांगली होती, मी बसवलेलं इंजन चांगलं होतं. गुण तुमच्या हातात नव्हता, झाकण उघडण्यात होता. मी डोळे पुसत मागं आलो, झाकणाच्या मधोमध नख टेकवलं आणि फक्त तुम्हाला ऐकू जाईल इतक्या हळू म्हणालो, "उस्ताद, हे रबर काढा. टाकीचा दम घुटून राह्यला."

तुम्हाला कळलं. मी तुमचे डोळे पाहिले आहेत, तुम्हाला त्याच क्षणी कळलं. आणि मग तुम्ही सगळ्या प्रवाशांना ऐकू जाईल असे ओरडलात. "कुलूप काढाले सांगतं मले? पेट्रोल इकाची सोय पाह्यतं? चोर तो चोर, अन् मलेच शिकवून राह्यला! उतर खाली!" मी खाली उतरलेलाच होतो. तुम्ही स्वतः मोटर चालवत नेलीत. बागवान खिडकीतून माझ्याकडे पाहत होता, तो तेवढा मला स्पष्ट आठवतो.

त्यानंतर मोटर कधी बंद पडली नाही. यानं बिघडवली आणि मी नीट केली, असं तुम्ही बाजारभर सांगितलंत. मंगरूळपीर म्हणू नका, वाशीम म्हणू नका, पेट्रोलचोराला पान्यालाही कोणी हात लावू देईना. ठरत आलेली सोयरीक मोडली. आई विचारायची, "काहून रे, खरंच घेतलं होतं का तू?" तिनंसुद्धा विचारलं, उस्ताद. मी अकोल्याला निघून गेलो.

पुढं एकदा वाशीमला तुमची मोटर उभी दिसली. तुम्ही आसपास नव्हतात. मी मागं जाऊन पाहिलं. झाकणाच्या मधोमध, मी नख टेकवलं होतं तिथंच, खिळ्यानं रबरासकट आरपार भोक पाडलेलं होतं. म्हणजे माझं म्हणणं तुम्ही ऐकलं होतं. आणि कडीला कुलूप तसंच होतं. हे मला सगळ्यात जास्त लागलं. मिस्त्री म्हणून मी खरा ठरलो, माणूस म्हणून चोरच राहिलो. बेइमान समजून दोन कानाखाली मारल्या असत्या तरी मी एवढा जळलो नसतो.

तुमच्या तेरवीला मी आलो नाही. नंतर कधीतरी काकूंना भेटायला गेलो. मोटर केव्हाच भंगारात गेली होती. काकूंनी बेसन-भाकर वाढली, तूप वाढलं, आणि पदराच्या गाठीतून ती किल्ली काढून माझ्या ताटाशेजारी ठेवली. "जाच्या आंधी म्हने, हे त्याले देजो."
"अजून काय म्हनले?"
"कायी नाही. भिताडाकडं तोंड केलं."

किल्ली कुलूप असताना द्यायची असते, उस्ताद. तुमच्यापाशी जीभ होती, बाजार होता, ज्यांच्यासमोर मला चोर म्हणालात ती माणसं बरीचशी जिवंत होती. त्यांतल्या एकाला सांगितलं असतंत तरी चाललं असतं. तुम्ही मला लोखंडाचा तुकडा दिलात आणि भिंतीकडे वळलात. याला माफी म्हणायचं असेल तर तुम्ही म्हणा, मी म्हणणार नाही.

हा कागद कुठं धाडायचा नाही, चुलीत जाईल. एवढं मात्र कबूल करतो की ती किल्ली मी फेकली नाही. करगोट्याला आहे. कसली म्हणून पोरं विचारतात, तेव्हा तोंडातून निघून जातं, 'माझ्या उस्तादांनी दिलीये, मोटर माझ्या हवाली केली तेव्हा.'