उष्टावण

४ जुलै
नोकरी लागली. शिवाजी पेठेत खोलीही मिळाली. काम किडींच्या प्रयोगशाळेत. बारावी नापास असूनही घेतलं, कारण अक्षर चांगलं. डब्यांवर चिठ्ठ्या लिहायच्या. हातकणंगल्याची लष्करी अळी मका खाते, गारगोटीची भात. पतंग दिसायला सारखेच, पण संयोगिता मॅडम म्हणाल्या, रक्त वेगळं, भूक वेगळी. मादी अंडी घालते तीसुद्धा पिल्लांचं खाणं हुंगून. आता दोन्हींचा संकर करून तो काय खातो, ते पाहायचं आहे.

ताईला गारगोटीला फोन केला. तिच्या बाळाचं उष्टावण पुढच्या महिन्यात आहे. पहिला घास मामाने, म्हणजे मीच भरवायचा.

९ जुलै
संकराची अंडी फुटली. अळ्या मक्याला तोंड लावेनात, भातालाही नाही. पान बदलताना मक्याच्या धारेने बोट कापलं आणि रक्ताचा थेंब डब्यात पडला. सगळ्या तिकडे वळल्या. बाळासो इथले जुने कामगार. हसत म्हणाले, "मामा झालास की रं जोतीराम. पोरांचं उष्टावण केलंस." मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, डबा टाकू नकोस, बघू.

१७ जुलै
पानं तशीच, तरी अळ्या जाड होताहेत. डबा साफ करून हात काढला की बोटांना झिणझिण्या. अळीने खरवडलेल्या पानावर पडतात, तशा पातळ, आरपार दिसणाऱ्या खिडक्या माझ्या कातडीवर.

२६ जुलै
अळ्या मातीत शिरल्या. कोष झाले. बरं वाटलं.

४ ऑगस्ट
पतंग निघाले, आणि डब्याच्या जाळीला भोक. बाळासो म्हणाले, गेले असतील शेताकडं. पण शेतात त्यांचं खाणं नाही.

६ ऑगस्ट
खोलीच्या भिंतीवर पतंग. उशीवर राखाडी, केसाळ चट्टा. पानामागे अंड्यांचा असतो तसाच. जाळला. दुसरा माझ्या कानामागे.

७ ऑगस्ट
ताईला कळवलं, उष्टावणाला येत नाही. रुसली. कारण कसं सांगू. बाळात आमचंच रक्त. मादी हुंगून—

८ ऑगस्ट
धुतलं. खरवडलं. डॉक्टर म्हणाले, अॅलर्जी. मानेवर खिडक्या. आत काहीतरी—

९ ऑगस्ट
मामा येत नाही तर आम्हीच येतो म्हणून ताई निघाली. फोन उचलत नाही.

पतंग भिंतीवरून उठले. सगळे दाराकडे तोंड करून बसलेत.

जिन्यात बाळाचा आवाज. कडी लावली. खालच्या फटीत टॉवेल कोंबला. ताई म्हणते, दार उघड, पहिला घास तुझ्याच हातचा—

टॉवेल ती बाहेरून ओढते आहे. नको ताई, तो