नळीतून आलेला घास

सोमवार, ११ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. घरी सगळे ठीक. माझं वजन दोन किलोंनी वाढलं. शनिवारपासून वर्कशॉपला अर्धा दिवस जातोय. वेल्डिंगइतकी ताकद अजून आली नाही, म्हणून सध्या नुसती मापं घेतो. तू दिलेला आहाराचा कागद फ्रिजवर चिकटवलाय. बायको तुझ्याहून कडक निघाली. अंड्यातलं पिवळं मुलांना आणि पांढरं मला!

दवाखान्यात नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहितोय. स्वादुपिंडाला सूज, पोटात सुऱ्या खुपसल्यासारख्या कळा, दोन दिवस पोटात काही नाही. त्यात आहारतज्ज्ञ म्हणून तू आलीस आणि नळीतून अन्न सुरू करू म्हणालीस. बायको तुझ्यावर खेकसली, "आणखी आग भडकवायचीय का? पोटाला आराम द्या ना!"

तू चिडली नाहीस. "अगं, आतडं रिकामं राहिलं की सुस्तावतं, मग त्यातले जंतू रक्तात शिरतात. अगदी हळूहळू देऊ. मी इथेच बसते."

आणि बसलीस. मी वैतागून नळी उपसली. नर्सने ती पुन्हा घातली, तेव्हा माझा हात तू घट्ट धरला होतास. पाचव्या दिवशी ताप उतरला. आठव्या दिवशी तू कुस्करलेला बटाटा चमच्याने भरवलास. इतकं चविष्ट मी जन्मात काही खाल्लं नव्हतं.

तेव्हाच तू विचारलंस, "ही सूज बहुतेकदा पित्ताच्या खड्याने येते, नाहीतर दारूने. तुझ्या पित्ताशयात खडा नाही. पितोस का रे?"

"कधीतरी," मी म्हणालो. तू पुढचा चमचा भरलास.

रोज, ताई. चार वर्षं रोज. आता डॉक्टरांना खरं सांगितलंय, व्यसनमुक्तीच्या गटातही जातो. घरी आल्यापासून थेंबाला शिवलो नाही.

हे सोपं होतं. अवघड पुढेच आहे. गेल्या वर्षी तुझ्या लेकीला शाळेतून आणताना माझी स्कूटर घसरली आणि तिचा हात मोडला. रस्त्यावर तेल सांडलं होतं, असं मी सांगितलं. तू उलट माझ्याच गुडघ्याला मलम लावलंस.

तेल नव्हतं, ताई. मी प्यायलो होतो.

तू भरवत होतीस आणि प्रत्येक घासाला हे माझ्या घशाशी येत होतं. बोलणं सोडलंस तरी माझी तक्रार नाही. तू म्हणशील तेव्हा येऊन तिची माफी मागेन. बसने येईन.

तू जगवलेला, तुझा अपराधी,
धाकटा