हिरवा दोरा

फर्दापूरजवळची वस्ती,
४ फेब्रुवारी २०२५

ती. दादास,
बानाबाईचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

प्रांजली तुमच्याकडं पोचल्याचं वच्छलाबाईंनी सांगितलं. त्या आमच्या अंगणवाडीच्या बाई. इथून पुढं फोन करू नका, माझा मोबाईल हे रोज उघडून बघतात. पत्र टाका, तेही वच्छलाबाईंच्या नावानं. सातवीपर्यंत शिकले त्याचा एवढा तरी उपयोग होऊ द्या.

ह्यांनी पोरीचं त्या बेचाळीस वर्षांच्या कंत्राटदाराशी ठरवलंय. त्याची पहिली बायको विहिरीत गेली. कशी गेली ते सगळ्या गावाला ठावं आहे, बोलत कुणी नाय. त्याच्या रानात आपल्या मेंढरांना बारा महिने चराई मिळणार, म्हणून लेक द्यायची. दादा, पोरगी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. मे महिन्यात परीक्षा होऊ द्या, एकदा नोकरीला लागली की तिला कोण ओढून नेतो ते बघते. तवर तिला सांभाळा. तुमचं नि ह्यांचं नऊ वर्षं बोलणं नाय, तुम्ही हर्सूलला घर बांधलं हेही ह्यांना ठावं नाय. तुमच्या जुन्या खोलीवर जाऊन कुलूप बघून आले. माझ्यावरचा राग काढून झाला, आता गप आहेत.

पोरगी निघाली तेव्हा गारठा लई होता. हाताला आली ती घोंगडी तिच्या अंगावर टाकली. आईनं लग्नात ह्यांना दिलेली तीच. काठ घालताना लाल दोरा संपला म्हणून आईनं कोपऱ्यात हिरवा घातला होता, आठवतंय का? बावीस वर्षं तीच पांघरून हे मेंढरांमागं फिरले. आता घोंगडी कुठंय म्हणून सारखं विचारायलेत. चोरानं नेली म्हणाले मी.

वहिनींना नमस्कार. लेकीवर माया राहू द्या, माझ्यावर आहे तशीच.

तुमची,
बाना

हर्सूल,
२ मार्च २०२५

चि. सौ. बानास,
अनेक आशीर्वाद.

तुझी लेक खुशाल आहे. दोन वेळा जेवते, दिवसभर पुस्तकात असते, फाटकाच्या बाहेर पाऊल टाकत नाही. हर्सूलचा तुरुंग पलीकडं आणि कैदीण आमच्या घरात, असं तुझी वहिनी रत्नमाला तिला चिडवते. दोघी हसतात. काळजी करू नको.

मी रिटायर झाल्यावर कॅमेरा घेतला तेव्हा तू मला येडा म्हणालीस. आता ऐक. तळ्यावर जायचं मी सोडलंय, आमच्या परसातच सगळं आहे. मुंगूस येतं, सरडे आहेत, आणि अंजिराच्या झाडावर शिंपी पक्ष्याची जोडी आली आहे. अंगठ्याएवढा जीव, पण दोन पानं चोचीनं टाचून त्यात घर करतो. प्रांजलीनं घोंगडी उन्हात टाकली होती, तर ह्यानं तिची लोकर ओढून नेली, काठाचे दोरेही नेले. आपल्या आईच्या दोऱ्यानं पान शिवलंय, बाना! मी दोन तास हललो नाही.

घरटं पानांत फार दडलेलं होतं, उजेड येत नव्हता. म्हणून पुढची चार पानं कातरून टाकली. आता लख्ख दिसतं.

तब्येतीला जप. मायेत अंतर पडू देऊ नये.

तुझा,
दादा

वस्ती,
१४ मार्च २०२५

ती. दादास,
शि. सा. नमस्कार.

तुमचं पत्र वाचून आधी हसले, मग डोकंच फिरलं. दादा, पानं कशाला कातरली? पाखरानं पानाआड घर केलं ते कुणाला दिसू नये म्हणूनच ना? तुम्ही त्याचा आडोसाच काढला. एवढं शिकून ऑफिसात जन्म काढला तुम्ही, आणि हे मी मेंढरांमागं फिरणारीनं सांगायचं का?

ती घोंगडी उन्हात टाकू नका, घडी करून आत ठेवा. आणि फोटोच्या नादात माझ्या लेकीला कुठं टिपू नका, तुमच्या पाया पडते. हे रोज कुणाला ना कुणाला विचारायलेत. तारीख तीस एप्रिल धरलीय, नवरी नाय आणि पत्रिका छापायला दिल्यात. माझा जीव टांगणीला लागलाय. वच्छलाबाईंच्या घरी बसून लिहिते, ह्यांची यायची वेळ झाली.

मायेत ठेवा.

बाना

हर्सूल,
७ एप्रिल २०२५

चि. सौ. बानास,
अनेक आशीर्वाद.

तुझं बोलणं लागलं, आणि खरंही झालं. चोवीस मार्चला सकाळी परसात भारद्वाज दिसला. शुभ म्हणून मी हात जोडले. हात सोडतो तोवर त्यानं घरट्यात चोच घातली. आत तीन पिल्लं होती. मी टाळी वाजवली असती तरी तो उडाला असता, पण बोट बटणावर होतं. तुझ्याशी खोटं कशाला बोलू? पहिल्यापेक्षा दुसऱ्या पिल्लाचा फोटो चांगला आला. प्रांजली धावत आली, चप्पल भिरकावली, तेव्हा तो उडाला. तिसरं खाली पडलं होतं. तिनं ते कापसात ठेवलं, दुपारी गेलं. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही, तुझी वहिनी अजून बोलत नाही.

पण बाना, त्या फोटोला पेपरच्या स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं! कालच्या रविवारच्या पेपरात अर्धं पान भरून छापून आलाय. खाली माझं नाव आणि ‘हर्सूल, घरच्या परसातून’. दोरा न् दोरा मोजता येतो, असं परीक्षक म्हणाले. तू घाबरशील म्हणून भिंग घेऊन तपासलाय. प्रांजलीचं नखसुद्धा त्यात नाही. घोंगडीही घडी करून पेटीत आहे.

तेरा तारखेला सकाळी दहाला बक्षीस समारंभ आहे, तेही पेपरात दिलंय. वहिनीला बळेच नेतो. प्रांजलीला मात्र घरीच ठेवणार, लोकांत नको. बघ, तुझा दादा अगदीच येडा नाही.

परीक्षेला महिना राहिला. धीर धर, आणि माझ्यावर रुसू नको.

तुझा,
दादा

वस्ती,
१६ एप्रिल २०२५

रा. रा. अजिनाथराव पाव्हणे यांस,
मल्हारीचा रामराम, वि. वि.

नऊ वर्षांनी लिहितोय, मागचं मनात ठेवू नका. बक्षिसाबद्दल अभिनंदन. फर्दापूरला हॉटेलात भज्यांखाली तुमचा फोटो आला. तेल लागलं होतं तरी लई साफ दिसला. पाखराकडं माझं ध्यान नव्हतं. आत काळी लोकर होती, पानाला लाल दोरा, आणि एक हिरवा. सासूबाईंचा लाल दोरा कसा संपला ते त्यांनी मांडवातच हसून सांगितलं होतं. मी विसरलो नाय. खाली तुमचं नाव आणि हर्सूल छापलेलं होतंच. तिथं चहावाल्याला विचारलं, फोटोवाल्या काकांचं घर त्यानं दारापर्यंत येऊन दाखवलं.

तेरा तारखेला आलो. तुम्ही दोघं बक्षिसाला गेला होता, पेपरात वेळ छापली ते बरं झालं. प्रांजली परसात वाचत बसली होती. मला बघून आत पळाली, कडी घातली. मी दाराला हात लावला नाय. आवाजही चढवला नाय. एवढंच म्हणालो, “तुझी आई घरी एकटी आहे, आणि मी आता घरीच चाललोय.” चपला घालून आपणहून बाहेर आली. आईवर जीव आहे पोरीचा. पुस्तकं तुमच्याकडं राहिली, रद्दीत घातली तरी चालंल.

बानाबाईच्या उजव्या हाताला लागलंय, प्लास्टर आहे, म्हणून हे पत्र मला लिहावं लागलं. तुमची पत्रंही तिच्या ट्रंकेत सापडली, सगळी वाचली. तुम्ही लई छान लिहिता. वच्छलाबाईंनाही भेटून आलो, त्यांना आता पत्रांचा तरास नको. घोंगडी पोरीनं संगं आणलीय. काठ उसवला होता, तो बानाबाई डाव्या हातानं शिवायली.

तीस एप्रिलला दुपारी साडेबाराचं लग्न आहे. मामानं नवरीच्या पाठीशी उभं राहायचं, हा आपला रिवाज. वहिनींना घेऊन या. फोटोवाला मी सांगितलेला नाय, घरचा माणूस असताना बाहेरचा कशाला? कॅमेरा तेवढा आठवणीनं आणा, आणि फोटो जवळून काढा.

माया होती तशीच राहू द्या.

आपला,
मल्हारी