पाचव्या मजल्यावरचा नवा रेडिएटर

१२ ऑक्टोबर, बिश्केक

आज घडलं ते असं:
१. बैठकीची खोली गरम पाण्याने तापवणारा जुना रेडिएटर गेल्या हिवाळ्यात ठिबकत होता. तो काढला. एकटीने.
२. नवा बसवला. पांढरा, सडपातळ.
३. त्याच्या वरच्या कोपऱ्यात आत अडकलेली हवा सोडायची छोटी चावी लावतात. मी लावली नाही. जोड जितके कमी, तितकी गळती कमी. तिथे बूच बसवून इपॉक्सी गोंदाने कायमचं बंद केलं.
४. गळती: शून्य. (पाइपांत अजून पाणी आलेलं नाही.)

आईची अट अशी की हा हिवाळा एकटीने निभावला तर फ्लॅट माझ्याकडे. नाहीतर चुलतभाऊ बाक्यत बायकोसकट राहायला येणार. मला एकटीला राहायचं आहे. तेव्हा दुरुस्ती मीच करणार.

१३ ऑक्टोबर

ताईच्या नवऱ्याचा, तुरात भावोजींचा फोन. “मेहुणीबाई, मी येऊन बघू का?” मी म्हटलं, मी पुलांच्या भारांची गणितं करते, हा तर एक रेडिएटर. ते म्हणाले, “पुलाच्या खालून पाणी जातं. याच्या आतून जातं. तेवढं लक्षात ठेव.” मागे ताई हसत होती.

फोन लवकर ठेवला.

१ नोव्हेंबर

आज नगरपालिकेने हिवाळ्यासाठी शहरभरच्या रेडिएटरांत गरम पाणी सोडलं. माझा रेडिएटर गार. एवढ्या मोठ्या यंत्रणेला वेळ लागतोच.

२ नोव्हेंबर

गार. दर थोड्या वेळाने हात लावून पाहते.

खालच्या मजल्यावरच्या रिम्मा अर्काद्येव्ना कोट घालून वर आल्या. त्यांच्याकडेही गार, त्यांच्या खालीही. सगळ्यांचा पाइप एकच. “अगं पोरी, हवा सोडलीस का? सगळ्यात वरच्या घराने हवा सोडली नाही की खालचे आम्ही सगळे कुडकुडतो.” नव्या रेडिएटरला त्याची गरज नसते, असं मी शांतपणे सांगितलं. “मग मी जुनी आहे, मला ऊब लागते, असं सांग त्याला,” म्हणाल्या आणि गेल्या.

४ नोव्हेंबर

दोष तळघरातून वर येणाऱ्या पाण्याच्या दाबाचा असणार. आलेख काढला. आलेख निर्दोष आहे.

विजेचा हीटर लावला. फ्यूज उडाला. रिम्मा अर्काद्येव्नांचाही. त्या चमच्याने पाइप बडवतात. आवाज उत्तम येतो. म्हणजे पाइपात अडथळा नाही.

थंडीने एका जागी बसवत नाही. खिडकी ते दार, दार ते खिडकी.

५ नोव्हेंबर

बूच उघडून पाहायचं ठरवलं. फक्त तपासणीसाठी. पान्हा घसरला, बुचाचे कोपरे झिजून गोल झाले. इपॉक्सी अपेक्षेपेक्षा पक्कं ठरलं.

६ नोव्हेंबर

भावोजी: “तापला का, की अजून लाजतोय?”

तापतोय, म्हटलं. आवाजावरून त्यांना सर्दी कळली. “येऊ का?” नको म्हटलं. जरा जोरात म्हटलं.

८ नोव्हेंबर

रिम्मा अर्काद्येव्ना आणि बाकीचे शेजारी प्लंबर घेऊन आले. मी त्याला आलेख दाखवला. त्याने तो खाली अंथरला आणि त्यावर हत्यारं ठेवली. मग पाइप कापून माझा रेडिएटर वगळला आणि दोन्ही टोकं थेट जोडून टाकली. तासाभरात खालच्या सगळ्या मजल्यांवर ऊब. माझ्याकडे फक्त तो उघडा पाइप कोमट.

माझा पुन्हा कधी जोडणार, विचारलं. “वसंतात, पाणी काढल्यावर. तोवर असू दे. भिंतीला शोभतोय.”

रेडिएटर अगदी सरळ बसला आहे, हे त्यानेही नाकारलं नाही.

जाताना रिम्मा अर्काद्येव्ना म्हणाल्या, “चहाला खाली ये. पान्हा वरच ठेवून ये.”

९ नोव्हेंबर

कोट, टोपी, दोन रजया. श्वासाची वाफ दिसते. तरी एकंदरीत काम यशस्वी: गळती खरोखरच शून्य.

आई पुढच्या रविवारी येते आहे. भावोजींना पाठवलेला मजकूर, नोंदीसाठी:

“भावोजी, तुमची सोफ्याची खोली मार्चअखेरपर्यंत मोकळी आहे का? कारण फक्त तापमान. फ्लॅट मी एकटीच सांभाळते आहे, झोपायला तेवढी तुमच्याकडे असेन. आईला हे याच शब्दांत तुम्ही सांगावं, ताईने नको, ती हसते. कृपया शुक्रवारपर्यंत कळवा.”