टाकीमागच्या मैदानावर

रविवार, ३ मार्च

हे बोलले!

अक्षर वेडंवाकडं येतंय, येऊ दे. सात महिने तोंडातून शब्द नाही. अर्धांगाचा झटका आल्यापासून नुसती मान हलवायची, नाहीतर डाव्या हातानं बोट दाखवायचं. आणि आज पाण्याच्या टाकीमागच्या मैदानावर मी स्वतःच्या कानांनी ऐकलं — "बस!"

शेजारचे घड्याळजी दर रविवारी आपल्या कुत्रीबरोबर ह्यांना आणि आमच्या कुत्र्याला, भोपळ्यालाही त्या कुत्र्यांच्या क्लबात नेतात. तेवढीच मोकळी हवा, म्हणून मी कधी चौकशी केली नाही. आज ह्यांची सकाळची गोळी राहिली, म्हणून मागोमाग गेले. अकरा कुत्री एका रांगेत. पुढे क्लबच्या बाई, गळ्यात शिट्टी. सगळे त्यांना शिट्टीबाईच म्हणतात. ह्यांची पाळी आली. माझ्याकडे पाठ होती. "बस." भोपळ्या बसला. "थांब." थांबला. "ये!" खणखणीत आवाज, अगदी पूर्वीचा!

गोळी हातातून मातीत पडली. उचललीसुद्धा नाही मी.

आणि कुणालाच त्याचं काही नाही! घड्याळजी म्हणाले, "अहो वहिनी, दीड महिना झाला की! तुम्हाला माहीत नव्हतं?"

नव्हतं.

सोमवार, ४ मार्च

"चहा देऊ?" मान हलवली. "अहो, नुसतं 'हो' तरी म्हणा!" माझ्याकडे बघत राहिले. बशी आदळली मी. फुटली.

मंगळवार, ५ मार्च

नणंदेला फोन केला. कुठून बुद्धी झाली! "तुझ्याशीच बोलायचं नसेल त्याला," म्हणाली. वर हसली.

गुरुवार, ७ मार्च

दोन रात्री डोळ्याला डोळा नाही. इथे लिहून टाकते, सांगणार कुणाला?

झटका आला त्या सकाळी आमचं भांडण झालं होतं. ह्यांनी माझं शिवणयंत्र मला न विचारता कुणाला तरी देऊन टाकलं. "धूळच खात पडलं होतं," म्हणाले. माझ्या आईचं यंत्र! मी ओरडले — "आजपासून माझ्याशी एक शब्द बोलू नका!" दोन तासांनी न्हाणीघरात कोसळले.

म्हणून गप्प आहेत का? माझंच ऐकताहेत का?

शनिवार, ९ मार्च

ह्यांना बोलायचे धडे देणारी दवाखान्यातली मुलगी आज भेटली. भडाभडा सगळं सांगितलं. भांडण सोडून. म्हणाली, "काकू, मुद्दाम नाही करत ते. हाका, हुकूम, शिव्या, आकडे हे जिभेवर बसलेलं असतं, आपसूक येतं. उत्तर द्यायचं म्हणजे शब्द शोधावा लागतो. तिथे गाडी अडते."

डोक्याला पटलं. पण कुत्र्याला तीन शब्द आणि मला एकही नाही — हे कुठे ठेवू?

रविवार, १० मार्च

गेले क्लबात. उघड गेले, बाकावर बसले.

ह्यांनी मला पाहिलं आणि — गेलाच आवाज! "ब… ब…" चेहरा लालबुंद, मानेची शीर टरारली. भोपळ्या बिचारा उभाच, कधी ह्यांच्याकडे बघतो, कधी माझ्याकडे. सगळं मैदान ह्यांच्याकडे बघत होतं. बेकरीवाल्यांचं ते चपट्या नाकाचं पिल्लू तेवढं भुंकत होतं.

शिट्टीबाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "काकू, जरा टाकीमागे जाऊन थांबता?"

मला! चाळीस वर्षं ह्यांच्याबरोबर काढलेल्या मला! सगळ्यांदेखत उठले, गेले. भिंतीला पाठ लावून उभी राहिले. आणि पलीकडून स्वच्छ आवाज आला — "बस."

म्हणजे माझ्यासमोरच येत नाही. नणंद म्हणाली ते खरं.

घरी येईपर्यंत दोघंही खाली मान घालून चाललो. जेवले नाहीत. मीही.

शुक्रवार, १५ मार्च

ठरवलं. आता त्या मैदानावर पाऊल टाकायचं नाही.

रविवार, १७ मार्च

शिट्टीबाई स्वतः घरी आल्या. हे आत झोपले होते. "सांगू नका म्हणून त्यांनी तोंडावर बोट ठेवलं होतं. पण तुमचा गेल्या रविवारचा चेहरा बघवला नाही मला," म्हणाल्या आणि क्लबात नाव घालताना भरलेला अर्ज समोर ठेवला. "तुमच्या भोपळ्याला सगळं आधीपासूनच येतं हो. त्याला काय शिकवणार आम्ही?"

डाव्या हातानं काढलेली अक्षरं, लहान मुलासारखी. 'शिकणाऱ्या कुत्र्याचं नाव' — तिथे ह्यांनी स्वतःचं नाव लिहिलंय. खाली 'काय शिकायचं आहे?' तिथे दोनदा खोडलंय. तिसऱ्यांदा नीट लिहिलंय.

माझं नाव.