बिशप वाचेल की नाही

नेगोंबो, सोमवार, १० मार्च १९९७

चि. मर्विनला अ. उ. आ.

काल, रविवार ९ मार्च, दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी, माझ्या घरचं जेवण अजून तुझ्या घशाखाली उतरायचं होतं, तेवढ्यात तू मला न विचारता माझ्या माशाच्या टाकीत तांब्याचं निळं औषध ओतलंस. बिशपच्या अंगावर मिठाच्या कणांसारखे ठिपके आहेत, दोन दिवसांत खायला लागेल, असं ठोकून दिलंस आणि वेलिगामाची बस गाठलीस.

संध्याकाळी टाकीतल्या दोन्ही पट्टेरी कोळंब्या उताण्या. तांब्याने कोळंबी मरते, हे शोभेच्या माशांचं गोदाम चालवणाऱ्याला भूगोलाच्या निवृत्त बाईने शिकवायचं?

शिवाय ते ठिपके नाहीतच. खोलीत अंधार करून पप्पांच्या विजेरीने बाजूने उजेड टाकला. अंगभर दुधाच्या भुकटीसारखी पिवळट धूळ आहे. हा वेगळा आणि जास्त वाईट रोग. बिशप उजेड टाळतो, पंपाच्या धारेत तोंड खुपसून राहतो, शिंपल्याच्या मांसाला शिवत नाही.

पप्पांनी बुडी मारून वर आणलेला हा शेवटचा मासा. तेव्हा रुपयाएवढा होता, आता माझ्या पंजाहून मोठा. या घरात माझ्याखेरीज श्वास घेणारा तो एकच, हे तुला ठाऊक आहे. उपाय नीट लिहून कळव. लोभ आहे, पण कोळंब्यांपासून जरा आटलाय.

तुझी अक्का,
इर्मा

वेलिगामा, १२ मार्च

ती. अक्कास सा. न. वि. वि.

कान पकडले. कोळंब्या नव्या पाठवतो, पट्टे मोजून घे. रोग तू म्हणतेस तोच असेल, मी घाईत पाहिलं. बिशपला वेगळ्या टबात काढ. त्यात बाटलीतलं औषध चमचाभर टाक, हवेची नळी चालू ठेव आणि वर जाड चादर घाल. हा रोग उजेडावर पोसतो.

काळजी करू नकोस. बिशप दणकट आहे. ईस्टरला आम्ही येऊ तेव्हा तुझ्या बोटांतून शिंपले ओढून खाईल, बघ. तुझी भावजय निरंजला म्हणते, अक्का त्याला दोनदा ओरडली की बिचारा वर्गात बसल्यासारखा मुकाट बरा होईल. तू वेळेवर जेवतेस ना? लोभाची टाकी भरलेली असू दे.

तुझा धाकटा,
मर्विन

नेगोंबो, शुक्रवार, १४ मार्च

चि. मर्विनला आशीर्वाद.

टब केला, अंधार केला, औषध घातलं. आज बिशप कलंडून पोहतोय. डोळ्यांवर साय आली आहे. शिंपल्याचा तुकडा त्याच्या तोंडावरून घरंगळून तळाला गेला.

तुझं पत्र पुन्हा वाचलं. त्याचे कल्ले किती वेगाने हलतात, हे तू विचारलेलंच नाहीस. गोदामात मासा आजारी पडला की तुझा पहिला प्रश्न तोच असतो, मी तिथे उभी राहून ऐकला आहे. म्हणजे त्याचं काय होणार, हे तुला रविवारीच कळलं होतं. औषध तू माशाला दिलं नाहीस, मला दिलंस.

पप्पांच्या वेळीही तू वॉर्डाच्या दारात हसून म्हणाला होतास की ते झोपलेत, अक्का, तू शाळेत जा, मुलींची परीक्षा आहे. मी गेले. पेपर वाटत होते तेव्हा पप्पा गेले. डॉक्टरांनी तुला आदल्याच दिवशी सांगितलं होतं. तुला वाटतं, तू मला जपतोस. तू मला दाराबाहेर उभी करतोस.

नव्या कोळंब्या पाठवू नकोस. फोनही करू नकोस, फोनवर तुझा आवाज फार गोड होतो. मला कागदावर हवं: बिशप वाचेल की नाही. नसेल, तर तो तडफडतोय का. तडफडत असेल, तर त्याला सोडवायचं कसं, तेही लिही. माझ्या हाताने करीन, पण या वेळी मला तिथे असायचं आहे.

सोमवार, १७ मार्च, दुपारी बाराच्या आत लेखी उत्तर माझ्या हातात पडलं पाहिजे. बसच्या कंडक्टरकडे दे, टपालाला उशीर होतो. लोभाचं काय ते उत्तर वाचून बघू.

अक्का