अख्खं कुटुंब समुद्रावर

सूनबाई,

धाकटी जन्मली त्या वर्षी तू मला अक्षरं शिकवलीस, म्हणून हे लिहून ठेवता येतंय. काल भरदुपारी दोन चोरांनी मागच्या दाराची कडी उचकटली. समोर मी भाजी निवडत बसलेली. माझ्यापेक्षा तेच जास्त दचकले. एक दुसऱ्यावर खेकसला, "अरे, फोटोखाली तर लिहिलं होतं, अख्खं कुटुंब समुद्रावर, घराला कुलूप!" मी म्हटलं, "मेल्यांनो, मी काय भिंत आहे?" तसे पळाले. काही गेलं नाही.

शेजारच्या सुताराने नवी कडी बसवली आणि तो फोटोही मोबाइलवर दाखवला. सगळे छान हसताय. मी दोनदा बघितला.

पुन्हा असे फोटो टाकायचे तर घरी परतल्यावर टाका. चोराच्या हाती आपणच किल्ली कशाला द्यायची?

मी सकाळच्या गाडीने माझ्या थोरल्या बहिणीकडे निघालेय. तुमचे फोन लागले नाहीत. किल्ली सुताराकडे आहे. ही चिठ्ठी वाचून तुम्हीही निघाल, तेव्हा घर खरंच रिकामं राहील. म्हणून बहिणीच्या फोटोखाली "आम्ही सगळे निघालोय" असं लिहू नका. माझ्या लेकाला बसवून मग सांग.

त्याची मावशी काल रात्री वारली.

आई